फंक्शन 'करते' की 'देते'? : एका गोंधळाची पार्श्वभूमी

अकरावीच्या वर्गाला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवणाऱ्या शिक्षकासमोर एक प्रसंग दर वर्षी येतो. विद्यार्थ्याला दोन संख्यांची बेरीज करणारे फंक्शन, म्हणजे नाव देऊन वेगळा ठेवलेला प्रोग्रॅमचा तुकडा, लिहायला सांगितले जाते. तो 'बेरीज' या नावाचे फंक्शन लिहितो, दोन पॅरामीटर (बाहेरून दिली जाणारी मूल्ये) घेतो, त्यांची बेरीज करतो आणि शेवटच्या ओळीत ती प्रिंट करतो. ५ आणि ३ देऊन चालवले की पडद्यावर ८ उमटतो आणि काम फत्ते झाले असे त्याला वाटते. मग पुढचा प्रश्न येतो: आलेल्या बेरजेची दुप्पट करा. तो बेरीज(५, ३) लिहून पुढे २ ने गुणतो. पडद्यावर पुन्हा ८ उमटतो खरा, पण त्याच्याखाली लाल अक्षरांत तक्रार येते की 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') या प्रकाराच्या गोष्टीला पूर्णांकाने गुणता येत नाही. आठ तर समोर दिसतो आहे, मग हे 'नन' आले कुठून, असे तो विचारतो, आणि त्याचे विचारणे अगदी रास्त असते.

'प्रिंट म्हणजे दाखवणे आणि रिटर्न म्हणजे परत देणे' या एका वाक्यात उत्तर देऊन पुढे जाता येते, आणि तास संपत आलेला असताना बहुतेक शिक्षक तसेच करतात. मी एक उदाहरण देत आलो आहे. गिरणीवाल्याने गहू दळून पीठ आपल्या डब्यात भरून दिले तर घरी जाऊन पोळ्या करता येतात. त्याने पीठ नुसते लांबून दाखवले, तर ते पाहिल्याचे समाधान मिळते, पोळ्या होत नाहीत. उदाहरण मुलांना पटते, पण महिनाभराने तीच चूक तोच विद्यार्थी पुन्हा करतो. इतक्या हुशार मुलांकडून इतक्या वेळा होणाऱ्या चुकीचे कारण मुलांमध्ये शोधणे मला पटत नाही. ते भाषांच्या इतिहासात आहे. 'फंक्शन' आणि 'रिटर्न' या दोन शब्दांखाली एकेकाळी वेगळ्या असलेल्या गोष्टी एकत्र आल्या, आणि नवशिक्याला त्या एकत्रच भेटतात.

फंक्शन हा शब्द गणितातून आला. मराठी पुस्तकांत त्याला फल किंवा फलन म्हणतात, आणि 'देणे' हाच त्या कल्पनेचा गाभा आहे: एक संख्या घातली की ठरलेली दुसरी संख्या मिळते, बाकी काहीही घडत नाही. संगणकाच्या जगात मात्र या कल्पनेच्या आधी दुसरीच गरज उभी राहिली होती. केंब्रिजमध्ये १९४९ च्या मे महिन्यात सुरू झालेल्या यंत्रावर वर्गमूळ, साइन, छपाई यांसारखी कामे पुन्हापुन्हा लागत, म्हणून ती एकदाच लिहून कागदी फितींवर छिद्रांच्या रूपात जपून ठेवली जाऊ लागली. १९५१ पर्यंत अशा ८७ सबरूटीनचा संग्रह तिथे झाला होता. सबरूटीन म्हणजे वेगळे काढून ठेवलेले काम. ते काम एखादे मूल्य देते की कागदावर आकडे छापते, या प्रश्नाला तेव्हा महत्त्व नव्हते.

त्या यंत्रातली एक गोष्ट इथे जवळून पाहण्यासारखी आहे. सबरूटीनचे काम झाल्यावर मूळ प्रोग्रॅममध्ये जिथून उडी मारली तिथे परत जाण्यासाठी वेगळी आज्ञाच यंत्राला नव्हती. म्हणून मूळ प्रोग्रॅम उडी मारण्यापूर्वी आपण कुठे आहोत याची खूण ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे यंत्राच्या हिशेबाच्या खणात, ठेवत असे, आणि सबरूटीन सुरू होताच त्या खुणेवरून परतीच्या उडीची आज्ञा तयार करून आपल्याच शेवटच्या ओळीच्या जागी बसवत असे. म्हणजे प्रोग्रॅम चालता चालता स्वतःची एक ओळ स्वतः लिहीत होता. 'परत जाणे' ही कल्पना अशी जन्मली, आणि त्यात परत जात होते ते नियंत्रण. मूल्याचा 'परत' या शब्दाशी काही संबंध नव्हता. ते आधी ठरलेल्या जागी ठेवून दिले जाई आणि ज्याला हवे तो ते उचलून घेई.

पुढची जवळजवळ पंधरा वर्षे हा फरक भाषांनी नीट सांभाळला. १९५८ मध्ये फोरट्रान या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रोग्रॅमरला स्वतःची सबरूटीन आणि स्वतःचे फंक्शन लिहिण्याची सोय आली. ती दोन वेगळ्या शब्दांनी सुरू होत, आणि सबरूटीन वापरायची तर 'कॉल' असे स्पष्ट लिहावे लागे. दोन्हींत 'रिटर्न' ही आज्ञा होती, पण तिच्यापुढे काहीही लिहिले जात नसे. फंक्शनचे उत्तर फंक्शनच्या नावालाच दिले जाई, आणि रिटर्न फक्त 'आता मागे फिर' एवढेच सांगे. १९६० च्या अल्गॉलने रिकर्शनला (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याला) मान्यता दिली आणि फॉर्मल व ॲक्च्युअल पॅरामीटर या संज्ञा रूढ केल्या. आपल्याकडची मुले आजही त्यांच्या व्याख्या पाठ करतात. १९७० च्या पास्कलमध्येही फंक्शन वेगळे आणि नुसते काम करणारी प्रोसिजर वेगळी. मुलांसाठी १९६७ मध्ये तयार झालेल्या लोगोमध्ये तर मूल पडद्यावरच्या कासवाला 'चौकोन' हा नवा शब्द शिकवते, म्हणजे पहिल्याच आठवड्यात स्वतःची प्रोसिजर लिहिते. तिथेही उत्तर द्यायचे असेल तर 'आउटपुट' आणि नुसते थांबायचे असेल तर 'स्टॉप' असे दोन निराळे शब्द आहेत. लहान मुलांसाठी भाषा घडवणाऱ्यांना हा भेद मुलांना कळेल असे वाटले, ही गोष्ट माझ्या मते फारशी लक्षात घेतली गेलेली नाही.

मग १९७२ च्या सुमारास सी आली आणि हा भेद पुसला गेला. सीची आजी म्हणावी अशा बीसीपीएल या भाषेत रूटीन आणि फंक्शन निरनिराळी होती, आणि मूल्य देण्यासाठीचा शब्दही मागे फिरण्याच्या शब्दापेक्षा वेगळा होता. तिच्यावरून आलेल्या बी या छोट्या भाषेत आणि पुढे सीमध्ये सगळेच फंक्शन झाले, आणि मूल्य देणे व मागे फिरणे ही दोन्ही कामे 'रिटर्न' या एकाच शब्दाकडे आली. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. भाषा लहान ठेवायची होती, तिचा कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) अतिशय तुटपुंज्या मेमरीत बसवायचा होता, आणि ती वापरणारे लोक स्वतःच मुरलेले प्रोग्रॅमर होते. त्यांच्या हातात एकच नियम असणे सोयीचे होते: प्रत्येक फंक्शन मूल्य देते, आणि ते नको असेल तर वापरू नये.

हा नियम किती टोकापर्यंत पाळला गेला याचे उदाहरण सी शिकणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी टाइप केलेले असते. पडद्यावर मजकूर दाखवणारे प्रिंटएफ हेदेखील मूल्य परत देते, आणि ते मूल्य म्हणजे किती अक्षरे छापली त्यांची संख्या. स्कॅनएफ किती गोष्टी नीट वाचल्या गेल्या ती संख्या परत देते. ही मूल्ये आपण सगळेच टाकून देतो, आणि ती टाकून देतो आहोत हे बहुतेकांना कधी सांगितलेलेही नसते. त्यामुळे प्रिंटएफ हे 'करणारे' आणि वर्गमूळ काढणारे फंक्शन हे 'देणारे', असा जो सरळ भेद विद्यार्थ्याच्या मनात तयार होऊ शकला असता, तो लिहिण्याच्या पद्धतीतून दिसतच नाही. दोन्हींना कंस, दोन्हींना अर्धविराम.

सुरुवातीच्या सीमध्ये मूल्य न देणारे फंक्शन अशी वेगळी जातच नव्हती. परत द्यायच्या मूल्याचा प्रकार लिहिला नाही तर फंक्शन पूर्णांक देते असे धरले जाई, मग आत रिटर्न असो वा नसो. 'काहीही देत नाही' हे सांगण्यासाठी 'व्हॉइड' हा शब्द १९७० चे दशक सरता सरता भाषेत आला आणि १९८९ च्या प्रमाणीकरणात पक्का झाला. काढून टाकलेली प्रोसिजर अशी मागच्या दाराने परत आली, पण स्वतःच्या नावाने आली नाही. 'काहीच न देणारे फंक्शन' असे तिला म्हणावे लागले, आणि मराठीत विचार केला तर हा शब्दप्रयोग किती अवघड आहे ते लगेच जाणवते, कारण ज्याला फल नाही त्याला फल कसे म्हणायचे?

महाराष्ट्रातील माझ्या पिढीच्या शिक्षणाला या व्हॉइडने जितके घडवले, तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दाने घडवले नसेल. १९९० च्या दशकात पदविका, अभियांत्रिकी आणि गल्लोगल्लीचे संगणकवर्ग या सगळ्यांत टर्बो सी या कंपायलरचा निळा पडदा होता, आणि प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात 'व्हॉइड मेन'ने होत असे. मेन हे फंक्शन आहे, ते ऑपरेटिंग सिस्टिम बोलावते आणि काम कसे झाले हे सांगणारा पूर्णांक तिला परत द्यायचा असतो, असे प्रमाणित सी सांगते. पण नुसते मेन लिहिले आणि शेवटी काही परत दिले नाही, तर टर्बो सी 'फंक्शनने मूल्य परत द्यायला हवे' अशा अर्थाचा इशारा देत असे. पुढे व्हॉइड लावला की इशारा नाहीसा होई. इशारा का आला हे समजावण्यापेक्षा तो घालवणे सोपे होते, आणि एका पिढीने वहीत, जर्नलमध्ये आणि परीक्षेत व्हॉइड मेन लिहिले. पुढे नोकरीत दुसरा कंपायलर समोर आल्यावर त्यांतल्या अनेकांना कळले की आपण लिहिलेले पहिलेच फंक्शन प्रमाणाला धरून नव्हते. काही शिक्षक आग्रहाने 'इंट मेन' लिहून घेत आणि शेवटी 'रिटर्न(०)' लिहायला लावत. त्यांचे बरोबर होते, पण रिटर्नला लावलेल्या त्या अनावश्यक कंसामुळे रिटर्नसुद्धा प्रिंटएफसारखेच एक फंक्शन आहे, असा मुलांचा समज होई.

मेन म्हणजे काय हे न सांगता सुरुवात होई, आणि फंक्शनचे प्रकरण अभ्यासक्रमात फार उशिरा येई. डेटा टाइप, ऑपरेटर, इफ, लूप, ॲरे, स्ट्रिंग हे सगळे एका मेनमध्ये करून झाल्यावर फंक्शनची पाळी. तोवर सगळे काही एकाच ठिकाणी लिहिण्याची सवय हाताला पक्की बसलेली असे. त्या प्रकरणात परीक्षेचा हमखास प्रश्न म्हणजे फंक्शनचे चार प्रकार: आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेले मूल्य) नाही आणि रिटर्न व्हॅल्यू नाही, आर्ग्युमेंट आहे पण रिटर्न व्हॅल्यू नाही, आर्ग्युमेंट नाही पण रिटर्न व्हॅल्यू आहे, आणि दोन्ही आहेत. बेरजेचा एकच प्रोग्रॅम चार वेळा लिहून जर्नल भरले जाई. वर्गीकरण म्हणून त्यात चूक काही नाही, पण त्याचा क्रम मला नेहमी खटकला आहे. विद्यार्थी स्वतः लिहितो ते पहिले फंक्शन काही घेत नाही आणि काही देतही नाही. संख्या तो आतच स्कॅनएफने वाचतो आणि उत्तर आतच प्रिंटएफने दाखवतो. मेनमधला मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला, एवढेच त्यात घडते. फंक्शनचा हा पहिला ठसा पुसायला पुढची तीन उदाहरणे पुरत नाहीत, आणि वर सांगितलेल्या अकरावीच्या मुलाची चूक थेट या पहिल्या प्रकाराची वंशज आहे.

'कॉल बाय व्हॅल्यू आणि कॉल बाय रेफरन्स यांतील फरक' हा याच प्रकरणातला दुसरा ठरलेला प्रश्न. पहिल्यात फंक्शनला मूल्याची प्रत मिळते, दुसऱ्यात मूळ व्हेरिएबलच हाती येते. सीमध्ये काटेकोरपणे पाहिले तर पहिलाच प्रकार आहे, कारण पॉइंटर (व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता) दिला तरी त्या पत्त्याची प्रतच फंक्शनकडे जाते. सी प्लस प्लसमध्ये खरा रेफरन्स आला, आणि राज्यातील बारावीच्या संगणकशास्त्रात ती भाषा दीर्घकाळ राहिल्यामुळे निदान तिथे प्रश्न आणि भाषा यांचा मेळ बसला.

सीच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे आपल्या हातून एक चांगली संधी निसटली. मुंबईत कुलाब्याच्या संशोधन संस्थेत १९६४ मध्ये मोठे आयात यंत्र आल्यापासून फोरट्रान शिकणारे लोक होतेच, पण शाळेतल्या मुलांपर्यंत प्रोग्रॅमिंग पोहोचले ते १९८४ च्या केंद्र सरकारी योजनेतून. सुरुवातीला देशातील सुमारे २५० शाळांत ब्रिटिश बनावटीचे छोटे संगणक देण्यात आले. त्यांच्यावर चालणारे बेसिक त्या काळच्या इतर बेसिकांहून बरेच पुढे होते. त्यात प्रोसिजर आणि फंक्शन यांना वेगळी नावे होती, दोन्हींना पॅरामीटर आणि स्वतःपुरती व्हेरिएबल देता येत, फंक्शन कितीही ओळींचे असू शके, आणि त्यांचा शेवटही वेगळा होता: प्रोसिजर संपवायला एक शब्द, तर फंक्शनमध्ये बरोबरचे चिन्ह आणि त्यापुढे उत्तर. शिकाऊ मुलासाठी याहून स्वच्छ मांडणी मी पाहिलेली नाही.

पुढे शाळांत आणि खासगी वर्गांत पीसी आले आणि त्यांच्यासोबत जीडब्ल्यू बेसिक आले. यंत्र मोठे झाले, पण फंक्शनच्या बाबतीत आपण १९६४ च्या मूळ बेसिकपाशी परत गेलो. फंक्शन एका ओळीत मावेल तेवढेच, आणि त्याहून मोठे काम असेल तर ओळीच्या क्रमांकावर उडी मारणारे गोसब. गोसबला पॅरामीटर नाहीत. म्हणून उडी मारण्याआधी एक्समध्ये संख्या भरायची, ५०० क्रमांकाच्या ओळीवर जायचे, तिथे वायमध्ये उत्तर ठेवायचे, आणि परत आल्यावर वाय वाचायचा. रिटर्न इथे पुन्हा एकटाच, पुढे काही नसलेला. सगळी व्हेरिएबल सगळ्यांची असल्यामुळे दुसऱ्या एखाद्या सबरूटीनने तोच एक्स वापरला की आधीची संख्या गेलीच. या पद्धतीवर शिकून सीकडे आलेल्या विद्यार्थ्याला 'रिटर्न एक्स' ही दोन शब्दांची ओळ किती नवी होती, याची सीच्या शिक्षकांना सहसा कल्पना नसे.

जावा आल्यावर शब्दांत आणखी एक भर पडली. तिथे फंक्शनला मेथड म्हणतात, आणि 'हॅलो' छापण्यापूर्वी पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड हे तीन शब्द समजल्याशिवाय लिहावे लागत. हे ओझे नवशिक्यावर का, हा वाद वीस-पंचवीस वर्षे चालला, आणि २०२३ च्या एकविसाव्या आवृत्तीत सुटसुटीत मेन लिहिण्याची सोय प्रायोगिक स्वरूपात आली. त्यातही व्हॉइड राहिलाच.

आपल्याकडे खरा बदल झाला तो २०१८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीत सी प्लस प्लसच्या जागी पायथन आले. पायथनने खूप काही सोपे केले. अर्धविराम गेले, प्रकार लिहिणे गेले, आणि २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून फंक्शनला देवनागरीत 'बेरीज' असे नावसुद्धा देता येते. ही सोय वर्गात फारशी वापरली जात नाही, याची मला खंत आहे. पण देणारे आणि करणारे यांतला भेद पायथनने आणखी खोल पुरला. व्हॉइड गेल्यामुळे फंक्शन काही देते की नाही हे त्याच्या पहिल्या ओळीवरून कळतच नाही. रिटर्न लिहिले नाही तर ते निमूटपणे 'नन' देते. त्याच तिसऱ्या आवृत्तीत प्रिंट हे विधान न राहता फंक्शन झाले. भाषेच्या रचनेच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता, मात्र विद्यार्थ्याच्या वहीत प्रिंटनंतर कंस आणि रिटर्ननंतरही सवयीचा कंस असे चित्र तयार झाले.

सगळ्यात मोठी फसगत पायथनच्या शेलमध्ये, म्हणजे एकेक ओळ लिहून लगेच चालवण्याच्या खिडकीत, होते, आणि ती करून पाहण्यासारखी आहे. बेरजेची दोन फंक्शन लिहा, एकात प्रिंट आणि दुसऱ्यात रिटर्न. शेलमध्ये एकेकाला ५ आणि ३ देऊन बोलवा. दोन्ही वेळा खालच्या ओळीवर ८ दिसेल. पहिल्या वेळी तो फंक्शनने छापलेला असतो. दुसऱ्या वेळी फंक्शनने काहीच छापलेले नसते, शेलने परत आलेले मूल्य आपल्या सोयीसाठी दाखवलेले असते. पडद्यावर तिळमात्र फरक नाही. आता हेच दोन कॉल फाइलमध्ये लिहून फाइल चालवा. पहिल्याचा ८ दिसेल, दुसऱ्याचे काहीच दिसणार नाही. विद्यार्थी यातून जो निष्कर्ष काढतो तो त्याच्या अनुभवाला धरून अगदी तर्कशुद्ध असतो: रिटर्नवर भरवसा नाही, प्रिंट मात्र नेहमी चालते. म्हणून तो पुढच्या वेळी प्रिंट लिहितो.

यावर तोडगा म्हणून काही शिक्षक सुरुवातीचे दोन आठवडे फंक्शनच्या आत प्रिंट लिहायला बंदीच करतात. उत्तर नेहमी परत द्यायचे आणि छपाई बाहेर करायची. मला हा मार्ग मान्य आहे, पण त्याच्या जोडीला शब्दही हवेत. मराठीत ते शोधायला लांब जावे लागत नाही. स्वयंपाकाच्या पुस्तकात 'साहित्य' आणि 'कृती' अशी दोन शीर्षके असतात, आणि पुरणपोळीच्या कृतीत 'पुरण तयार करून घ्यावे' असे एकच वाक्य असते, कारण पुरणाची कृती दुसऱ्या पानावर असते. त्या पानावरची कृती शेवटी पुरण हातात देते, आणि ते पोळीत भरता येते. 'ओटा पुसून घ्यावा' हीही कृतीच आहे, पण तिच्यातून पोळीत भरण्यासारखे काही हाती येत नाही. देणाऱ्या फंक्शनला 'फल' आणि नुसते काम करणाऱ्याला 'कृती' म्हणायचे असे मी गेली काही वर्षे वर्गात ठरवून टाकले आहे. पायथनला दोन्हींसाठी एकच शब्द माहीत असला तरी मुले प्रोग्रॅम लिहिण्याआधी 'सर, हे फल की कृती?' असे विचारतात, आणि तो प्रश्न विचारला गेला की निम्मे काम झालेले असते.

आता हा प्रश्न आणखी लहान वयात येतो आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्याच्या आधीच्या वर्गांसाठी कोडिंगच्या उपक्रमांचा उल्लेख आहे, आणि अनेक शाळांत सहावीपासून स्क्रॅच, म्हणजे रंगीत ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करण्याची भाषा, शिकवले जाते. २००७ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या स्क्रॅचमध्ये स्वतःचा ब्लॉक तयार करण्याची सोय २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. त्या ब्लॉकला पॅरामीटर देता येतात, पण तो मूल्य परत देऊ शकत नाही. स्क्रॅचमधला स्वतः बनवलेला ब्लॉक ही केवळ कृती असते, फल नसते. बेरजेचे उत्तर बाहेर हवे असेल तर मूल 'उत्तर' नावाचे व्हेरिएबल तयार करते, ब्लॉकच्या आत त्यात संख्या ठेवते, आणि ब्लॉक संपल्यावर बाहेरून ती वाचते. जीडब्ल्यू बेसिकवर ५०० क्रमांकाच्या ओळीवरून परत आल्यावर वाय वाचणारा विद्यार्थी नेमके हेच करत होता.